लिहून घेणार क्रमांक दोन

१७ ऑक्टोबर २०२३. मंगळवार, नवरात्राची तिसरी माळ, त्या दिवसाचा रंग लाल. इतकं नेमकं लक्षात आहे ते मास्तरमुळे. आदल्या रात्री साडेबारापर्यंत ती लाल ब्लाउजांना हूक लावत होती आणि मी समोर बसून धागे तोडत होते. नऊ दिवसांच्या नऊ रंगांचं खूळ ज्या कुणी काढलं त्याचं भलं होवो, आमचं चार महिन्यांचं घरभाडं त्यावर निघायचं.

मास्तर म्हणजे माझी जोडीदार. राजवाड्याजवळच्या एका बोळात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. टेलरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात, मग मशीनवर बाई बसलेली का असेना. मी हायस्कूलवर इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे गल्लीत मी 'बाई'. बाई आणि मास्तर. नुसतं ऐकलं तर नवराबायको वाटावेत असं. चौदा वर्षं एकत्र राहतोय, तेव्हा ऐकणाऱ्याचं फार चुकतं असंही नाही. खरी नावं देत नाही. सातारा केवढंसं, पोवई नाक्यावर शिंकलं तर सर्दी झाल्याची बातमी आपल्या आधी राजवाड्यावर पोचलेली असते.

त्या मंगळवारी सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा निकाल होता. एप्रिलच्या १८ तारखेपासून पाच न्यायमूर्तींसमोर दहा दिवस सुनावणी झाली होती. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासता तपासता मी त्यातलं बरंचसं मोबाइलवर ऐकलं होतं. (त्या वर्षी दोन-चार पोरांना माझ्या हातून जास्त मार्क गेले असतील.) ११ मेला निकाल राखून ठेवला, आणि मग दसरा तोंडावर आला तरी पत्ता नाही. सोमवारी संध्याकाळी कळलं की उद्या आहे. मी तशीच मोती चौकात गेले आणि दोन किलो कंदी पेढे घेतले.

"कशाचे, बाई?" दुकानदारानं विचारलं.

"निकालाचे."

"लागला?"

"उद्या लागणार आहे."

"निकालाच्या आधी पेढे? आणि तुम्ही शिक्षिका!"

खरं तर मी अशी उतावळी नाही. पण ६ सप्टेंबर २०१८ ला याच न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आमच्यासारख्यांना मोकळं केलं, तेव्हा आमच्या घरात साखरसुद्धा नव्हती. मास्तरनं गूळ हातावर ठेवला होता. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी तयारीत राहायचं.

आणि आम्हाला लग्न कशाला हवं होतं, तर हौस हे त्यातलं शेवटचं कारण. पहिलं कारण म्हणजे २०२२ च्या पावसाळ्यातली एक रात्र. मास्तरच्या पोटात कळ आली, वाकून गोळा झाली. रिक्षा करून एका खासगी दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे, सूज आलेली, लगेच ऑपरेशन. काउंटरवरच्या मुलीनं संमतीचा कागद पुढं केला. त्यात एक रकाना होता, 'रुग्णाशी नाते'. मी पेन हातात घेऊन उभी. तिथं काय लिहायचं? शेवटी 'मावस बहीण' लिहिलं. तिनं दोघींची आधार कार्डं पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, सख्खं कुणी नाही का? रात्रीची वेळ आहे, उद्या काही झालं तर आमच्यावर येतं." सख्खा भाऊ पाटणच्या पुढं गावाकडं. पावसातून मोटरसायकलवर त्याला यायला पावणेतीन तास लागले. आला, न वाचता सही केली आणि मला विचारलं, "हिला कुठल्या गोळ्या चालत नाहीत, तुलाच ठाऊक असंल की?" मला ठाऊक होतंच. माझी सही तेवढी चालत नव्हती.

तर निकालाचा दिवस. स्टाफरूम लालेलाल झालेली. माझा पहिला तास ऑफ होता, मी कोपऱ्यात कानात हेडफोन घालून बसले. सरन्यायाधीश चंद्रचूड आधी वाचत होते आणि पहिला अर्धा तास मला वाटलं, जिंकलो. केंद्र सरकारनं आपल्या म्हणण्यात हे सगळं शहरी उच्चभ्रूंचं खूळ असल्यासारखं मांडलं होतं. त्याला उत्तर देताना ते म्हणाले की मोठ्या शहरातला, इंग्रजी बोलणारा, बड्या पगाराचा पुरुष तेवढाच असा असतो असं नाही. शेतात राबणारी बाईही असू शकते. तेवढ्यात दुकानातून मास्तरचा फोन. ती मशीनला मोबाइल टेकवून ऐकत होती. तिचं इंग्रजी बेताचं. "अगं, शेतातल्या बाईचं काहीतरी म्हणाले ना ते? आपल्यातलंच कुणी बघून आलेत काय?"

मग पुढचे न्यायमूर्ती वाचायला लागले, आणि बेरीज उलटी होत गेली. लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही जणांचं एकमत. आमच्यासारख्यांना जोडी म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क आहे, हे चंद्रचूड आणि कौल यांनी मानलं. भट, कोहली आणि नरसिंह यांनी मानलं नाही; कायदा करायचा तर तो संसदेनं करावा. तीन विरुद्ध दोन. अडचणी बघायला मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, असं सरकारनं सांगितलं होतं, त्याची नोंद झाली. घंटा झाली. मला आठवीवर जायचं होतं आणि धडा होता न्यायव्यवस्थेचा. कथेत लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. मी फळ्यावर 'सर्वोच्च न्यायालय' लिहिलं आणि त्याखाली एक रेघ जास्तच दाबून ओढली, खडू मोडला.

घरी आले तर मास्तरची आई घटासमोर बसलेली. तिला मी काकू म्हणायचे. नवरात्रात ती आमच्याकडं असते. घट तीच बसवते, आम्हाला दोघींना माती किती आणि धान्य किती तेही नीट कळत नाही. फ्रीज उघडला तर पेढ्यांचा खोका दिसेना. खोका देवीपुढं होता.

"काकू, ते पेढे..."

"निवद दावला."

"पण निकाल आपल्या बाजूनं नाही लागला."

"मग पेढं काय कडू झालं व्हय?"

काकूला कोर्ट म्हणजे जमीन, बांध आणि वाटणी. तिच्या सासऱ्यानं एका बांधासाठी एकवीस वर्षं दावा चालवला होता. तिनं शांतपणे विचारलं, "कुणी घातला हुता दावा?"

मास्तर मशीनचं तेल लागलेला हात पुसत म्हणाली, "आमच्यासारख्यांनी. आम्हा दोघींना कागदावर एकत्र ऱ्हाता यावं म्हणून."

काकू बराच वेळ काही बोलली नाही. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. एका खोलीत एकच पलंग इतकी वर्षं बघणाऱ्या बाईला काय ठाऊक नसतं. पण शब्दात कधी आलं नव्हतं. मग म्हणाली, "वर अपील कर."

"ह्याच्या वर कोर्ट नाही, आई."

"असं कसं? हितनं कऱ्हाड, कऱ्हाडावरनं सातारा, साताऱ्यावरनं मुंबई..."

"मुंबईच्या वर दिल्ली. ते दिल्लीच हुतं."

"मग कागद तरी कर," काकू म्हणाली. "निकाल न्हाई तर न्हाई, कागद पायजे. तुझ्या आज्ज्यानं कागद केला नव्हता म्हणून बांध गेला."

पेढे आम्ही तिघींनी खाल्ले, बाकीचे मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेले. 'देवीचा प्रसाद' म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मी मास्तरला सत्यशोधक लग्नाची गोष्ट सांगितली. शिक्षकाला दुःखसुद्धा धड्यासकट होतं, काय करणार. २५ डिसेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच जिल्ह्यातलं. नवरा-नवरीनं लोकांसमोर एकमेकांना शपथा दिल्या, झालं लग्न. तेव्हाही लोक म्हणाले, हे कसलं लग्न, आणि पुढं अशा लग्नांवरून भटजींनी कोर्टकज्जे केलेच. मास्तर अंधारात म्हणाली, "म्हणजे आपल्यालाही पन्नास-शंभर वर्षं लागणार. उद्या निळा रंग आहे, झोप."

वकीलबाई शोधायला दिवाळी उजाडली. सदर बझारात त्यांचं ऑफिस आहे, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलायची सवय. सगळं ऐकून घेतलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही, आणि हे मला फार बरं वाटलं. कीव आली की मला चिडायला होतं. एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी लिहायला घेतलं. "नवराबायकोला एका दाखल्यात जे मिळतं, ते तुम्हाला सुट्टं सुट्टं गोळा करावं लागेल. दाण्याचा लाडू मिळत नाही म्हणून दाणे, गूळ, वेलदोडा वेगळा आणायचा, तसं. आणि लाडू तरीही वळला जाणार नाही, हे आधीच सांगते."

त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "उद्या तुम्ही गेलात तर तुमचं कुणाला जाईल?" मी नागरिकशास्त्र शिकवते, पण हे पाठ नव्हतं. बिनलग्नाची हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर सगळं आईवडिलांकडे; ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे माझ्या भावाकडे. ज्या भावानं गेल्या सहा वर्षांत मला एकदा फोन केला, तोही पोराच्या मुंजीची पत्रिका व्हॉट्सॲपवर पोचली का विचारायला.

म्हणून आधी मृत्युपत्रं केली, दोघींची. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांनी करूनच ठेवावी. उद्या भाऊ म्हणेल, बहिणीला फूस लावली." डॉक्टरचा दाखला जोडला, की मी शुद्धीवर आहे. मसुदा वाचताना मला हसू आवरेना. 'मी हे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, नशापाणी न करता लिहून देत आहे.' लग्नात असं काही कुणाकडून लिहून घेत नाहीत, घ्यायला हरकत नाही. साक्षीदार म्हणून माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई आणि मास्तरच्या शेजारचा बांगडीवाला. बांगडीवाल्यानं सही करताना एकच विचारलं, "मास्तर, तब्येत बरी हाय न्हवं?"

नात्याच्या जागी वकीलबाईंनी लिहिलं होतं, 'माझ्यासोबत दीर्घकाळ राहणारी व माझी काळजी घेणारी मैत्रीण'. मास्तरनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मोलकरीण वाटतेय मी." शेवटी 'काळजी घेणारी' काढलं.

दवाखान्याचं मात्र धड सुटलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये परवानगी दिलेला एक कागद आहे, आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा जिवंत ठेवण्याचे उपचार कधी थांबवायचे ते आधीच लिहून ठेवायचा. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली, नोटरीपुढं करता येतो. त्यात आपल्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचं नाव घालता येतं. आम्ही एकमेकींची घातली. पण पित्ताशयाच्या रात्री त्याचा काय उपयोग? काही नाही. तो कागद मरणाच्या दारातला, आमचा अडथळा काउंटरवरचा. त्यावर वकीलबाईंकडे उत्तर नव्हतं. मास्तरच्या भावाकडून मात्र एक पत्र लिहून घेतलं, की मी हजर नसल्यास बाईंची सही माझी समजावी. कायद्यात त्याला किती किंमत आहे देव जाणे. आम्ही ते लॅमिनेट केलंय.

मग २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गणपतीच्या धामधुमीत एक बातमी वाचली. आमच्यासारख्या जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असा खुलासा अर्थखात्यानं २८ ऑगस्टला केला होता. रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातलं धरावं, असं अन्नखात्यानं राज्यांना कळवलं होतं. आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं आरोग्यखात्यानं. हा तिसरा मुद्दा वाचून मी पेपर घडी घालून ठेवला आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

त्या खुलाशाची प्रिंट काढून मी बँकेत नेली. काउंटरवर नुकता लागलेला एक मुलगा होता. त्यानं प्रिंट वाचली, साहेबांना दाखवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, याची गरजच नव्हती. जॉइंट खातं कुणीही दोघं उघडू शकतात. पहिल्यापासून." म्हणजे आम्ही चौदा वर्षं ज्या दाराबाहेर उभ्या होतो त्याला कडीच नव्हती! अर्थात, आत गेलो असतो तर 'कोण तुम्ही एकमेकींच्या' हे विचारलं गेलं असतं, आणि त्या भीतीनंच कधी ढकलून पाहिलं नव्हतं. फॉर्मवर नात्याचा रकाना होताच. तिथं 'फ्रेंड' झालं. पण खाली खातं कसं चालवायचं त्यावर त्यानं खूण केली, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', आणि मास्तरला समजावून सांगितलं, "दोघींपैकी कोणीही, किंवा मागं राहील ती." मास्तर बाहेर येऊन म्हणाली, "हे बरं लिहिलंय बँकेनं. मागं राहील ती."

रेशनकार्डाचं लिहीत नाही. तिचं नाव गावच्या कार्डातून कमी झाल्याचा दाखला मिळण्यातच अडकलंय. सापशिडी आहे ती, आणि आमचा आकडा पडत नाही.

घराचं मात्र सविस्तर लिहिते. भाड्याच्या घरांना मी कंटाळले होते. दर अकरा महिन्यांनी नवा मालक तोच प्रश्न विचारायचा, "दोघी बहिणी का?" गोडोलीच्या बाजूला एक जुना वन बीएचके चोवीस लाखांत मिळत होता. एका बँकेत गेलो. तिथले अधिकारी गोड बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, सहकर्जदार नवरा किंवा रक्ताचं नातं असेल तरच, मैत्रीण आमच्या धोरणात बसत नाही. म्हणून शिक्षकांच्या सोसायटीतून माझ्या एकटीच्या पगारावर बारा लाख काढले. दोन सहकाऱ्यांनी जामिनावर सह्या केल्या. त्यातल्या एकाच्या बायकोचे ब्लाउज आता मास्तर जन्मभर फुकट शिवणार आहे. पाच लाख माझे साठवलेले, सात लाख मास्तरचे.

मी म्हटलं, घर निम्मं-निम्मं. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही सतरा घातले, त्यांनी सात. निम्मं दिलंत तर वरचे पाच लाख तुम्ही त्यांना भेट दिले असं होतं. नवराबायकोत भेटीला कर नाही. तुम्ही परक्या. पन्नास हजारांच्या वर गेलं की ते त्यांचं उत्पन्न धरतील." (हाच मुद्दा घेऊन एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलंय. त्यांना यश येवो.) मृत्युपत्रानं मिळालेल्यावर मात्र असा कर नाही. म्हणजे जिवंतपणी दिलं तर परकी, मेल्यावर दिलं तर चालेल. शेवटी खरेदीखतात चोविसात सतरा माझे आणि सात तिचे असेच हिस्से लिहिले, आणि माझे सतरा तिला मृत्युपत्रात.

पण कायद्याचं गणित कधी कधी आपल्याही बाजूनं चुकतं. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, मात्र खरेदीदार सगळ्या बायकाच हव्यात. नवरा जोडीला असता तर ती गेली असती. आमचे चोवीस हजार वाचले. मास्तरनं त्यातून दुकानाला नवीन ओव्हरलॉक मशीन घेतलं.

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, खत नोंदवायला गेलो. दुय्यम निबंधकाचं कार्यालय तुम्ही पाहिलं असेल तर ठाऊक असेल: बाक, टोकन, झेरॉक्सवाला, आणि कानाला पेन लावलेले चार एजंट. भिंतीवर नोंदणी विवाहाच्या नोटिसांचा फळा होता. १९५४ च्या कायद्यानं तीस दिवस नोटीस लावावी लागते. मी त्यातली नावं वाचत उभी राहिले. खरं सांगते, निकाल आमच्या बाजूनं लागला असता तर तीस दिवस आमची नावं त्या फळ्यावर झळकली असती, आणि माझ्या कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याचा बाप जमिनीच्या कामाला येऊन ती वाचून गेला असता. हिंमत झाली असती का? हा प्रश्न मी स्वतःला आजवर धड विचारलेला नाही.

समोरच्या बाकावर एक नवंकोरं जोडपं बसलेलं, हार घातलेले. मुलीचा ब्लाउज पाठीवर चुण्या टाकत होता. मास्तर माझ्या कानात म्हणाली, "मुंढा चुकलाय. मला दिला असता तर..." तेवढ्यात पुकारा झाला.

"लिहून घेणार नंबर एक." म्हणजे घर विकत घेणारी पहिली, मी. जाऊन कॅमेऱ्यासमोर बसले, फोटो झाला, डाव्या हाताचा अंगठा यंत्रावर ठेवला, टिंग वाजलं.

"लिहून घेणार नंबर दोन."

मास्तर बसली. फोटो झाला. अंगठा ठेवला. यंत्र गप्प. पुन्हा ठेवला. पुन्हा गप्प. ऑपरेटरनं फडक्यानं काच पुसली. "डोक्याला घासा अंगठा, ताई." तिनं केसांवर घासला. नाही. त्यानं तिचा हात हातात घेऊन बघितला. पंचवीस वर्षं सुई टोचून टोचून त्या अंगठ्याचं टोक चाळणीसारखं झालंय, मध्येच एक जुनी आडवी चीर, कडेला घट्टा. "रेघाच नाहीत की हो," तो म्हणाला. मागं रांग कुरकुरायला लागली. माझ्या पोटात गोळा. इथवर येऊन यंत्र म्हणणार, की ही बाई नाहीच? मास्तर मात्र निवांत. तिनं अंगठा तोंडासमोर धरून हा करून वाफ दिली, इस्त्रीखाली कापड ओलं करतात तशी, आणि जरा तिरका करून दाबला. टिंग.

थोड्या वेळानं इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदीच्या उताऱ्याची, प्रत हातात आली. लिहून घेणारे पक्षकार म्हणून आमची दोघींची नावं, एकाखाली एक. वय, पत्ता, पॅन. सरकारच्या एका कागदावर पहिल्यांदाच, आणि नात्याचा रकाना त्यात नाही! मी तीन वेळा बघितलं. हार घातलेल्या जोडप्याचंही उरकलं होतं. ती मुलगी खोका घेऊन सगळ्यांना पेढे वाटत आमच्यापुढं आली. "घ्या ना मावशी." मास्तरनं पेढा घेतला आणि तिला विचारलं, "ब्लाउज कुणाकडं शिवलास?"

त्यानंतर संक्रांतीच्या तोंडावर, ९ जानेवारीला, त्या निकालाच्या फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. खुली सुनावणी नाही, काही नाही. मी पेढे आणले नव्हते. मास्तर तेव्हा हळदीकुंकवाच्या वाणाच्या कापडी पिशव्या शिवत होती, दीडशे नग. ज्या बायकांच्या हळदीकुंकवाला आम्हाला आवतण नसतं, त्यांचं वाण आमच्याच घरातून जातं. पंधरा दिवसांनी, २३ जानेवारीला, थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला. नवरी-नवरींचे, नवरा-नवऱ्यांचे फोटो, शेकडो जोडपी एका दिवसात. नेपाळात तर २०२३ च्या नोव्हेंबरातच लमजुंग जिल्ह्यात एका जोडप्याची नोंद झाली होती. ते फोटो मी काकूला दाखवले. तिनं मोबाइल लांब धरून बघितले. "लुगडी झ्याक हायती," म्हणाली. "तुमची वास्तुशांत कवा?"

फेब्रुवारीत केली. मला वास्तुशांतीचं फार नव्हतं, पण काकूपुढं कुणाचं चालतं. मास्तरचा भाऊ-वहिनी आले, गणिताच्या बाई आल्या, बांगडीवाला सहकुटुंब आला. माझा भाऊ आला नाही. सकाळी स्वयंपाकघरात मी विचारलं, "काकू, नारळ कुठं ठेवलेत?" ती पुरणाला चटका देत होती, मान वर न करता म्हणाली, "काकू काकू काय लावलंयस? आत्या म्हन." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी नारळ न घेताच बाहेर आले, मग परत आत गेले.

गुरुजींनी पाट मांडले आणि इकडं तिकडं बघितलं. "पूजेला जोडपं कोण बसणार? दादा-वहिनी या."

"ते कशाला?" आत्या आतून म्हणाली. "घर ज्येंचं त्या बसतील."

गुरुजी तरुण होते, पुढं करंज्याला दुसरी वास्तुशांत होती त्यांची. घड्याळ बघितलं. "बरं, दोघी बसा. गोत्र?"

मास्तरला आपलं ठाऊक नव्हतं. "काश्यप म्हणा," गुरुजी म्हणाले, माहीत नसलं की काश्यप. "आणि उजवीकडं कोण बसणार?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. बायको उजवीकडं बसते एवढं आम्हालाही ठाऊक होतं. मास्तर म्हणाली, "मी डावखुरी आहे, मला डावीकडं बसू दे, नायतर कोपर लागंल." तसं ठरलं.

संकल्पाचं पाणी माझ्या तळहातावर पडलं आणि गुरुजी पोथीतून मान वर न काढता, रोज शंभरदा म्हणत असतील तसं म्हणाले, "हाताला हात लावा." म्हटलं कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसेल. मास्तरनं हात लावला. तो रेघा गेलेला अंगठा माझ्या मनगटावर, घट्टा टोचत होता. मंत्र लांबला. तिनं हात काढला नाही, मीही हलले नाही, पाणी बोटांतून गळून गेलं तरी.

पेढे या वेळी तीन किलो आणले होते, मोती चौकातल्याच दुकानातून. त्यानं विचारलं नाही कशाचे. संध्याकाळपर्यंत खोक्यात सात-आठच उरले. ते आत्यानं वर्तमानपत्रात बांधून पिशवीत टाकले, गावाकडं वाटायला. स्टँडवर पाटण गाडी लागली होती. तिला खिडकीशी बसवलं, तिकिटाचे पैसे तिनं देऊ दिले नाहीत, अर्ध्या तिकिटाचं कार्ड काढून दाखवलं.

"आई, गावात कशाचे म्हणून सांगणार?" मास्तरनं खालून विचारलं.

"काय सांगायचं त्यात," ती पिशवी मांडीवर घेत म्हणाली. "लेक मार्गी लागली म्हनंन."